रस्त्याखालची मोरी

उंचीच्या नकाशावरून पाणी कुठून कुठं वाहील, हे संगणकाकडून काढून घेणं हे माझं काम. औरंगपुऱ्यात खाली साड्यांचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. पडद्यावर जमिनीचे बारीक बारीक चौकोन असतात आणि प्रत्येकाला एक उंची. संगणक तेवढंच बघतो आणि पाणी शेजारच्या सगळ्यात खालच्या चौकोनात ढकलतो. गडी फार आज्ञाधारक आहे, डोकं मात्र आपल्यालाच लावावं लागतं.

मागच्या वर्षी पिशोरकडच्या एका गावात बंधारा कुठं घालावा, हे आम्हाला सुचवायचं होतं. गाव नेमकं माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीचं निघालं. वाटणी झाल्यापासून तिचे वडील आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. रस्त्याच्या अलीकडं वडिलांचं वावर, पलीकडं काकांचं. वडिलांची विहीर उन्हाळ्यात आटायची आणि मोसंबीची बाग ते टँकरवर कशीबशी जगवायचे.

पहिल्यांदा गणित चालवलं तेव्हा निळी रेघ डोंगरावरून उतरली, रस्त्याला अडली आणि वळून वडिलांच्या विहिरीजवळून गेली. मोठ्या पावसात रस्त्याच्या कडेनं थोडं पाणी तिकडं यायचंच, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. ती पोरगी ताडकन उठली. "ताई, बंधारा आमच्या वावरात!" लगेच घरी फोन लावला. "लई झकास झालं पोरी," हा वडिलांचा आवाज मलाही ऐकू आला. पहिली मोसंबी माझ्या टेबलावर आली पाहिजे, असं मी तिला बजावलं.

दुपारी सगळ्यांचे डबे उघडले, तिचा तसाच. विचारलं तर खाली बघत म्हणाली, "ताई, त्या रस्त्याखाली मोरी आहे. लहानपणी आम्ही तिच्यातूनच काकाकडं खेळायला जायचो."

मी हातातला घास खाली ठेवला. भराव घालून उंच केलेला रस्ता उंचीच्या आकड्यांत भिंतीसारखा दिसतो. खालून पाण्याला वाट आहे, हे वरून मोजणाऱ्याला कळत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, कारण घाणेरीच्या झुडपांनी मोरीचं तोंड पार झाकलेलं होतं आणि पाहणीतही ती सुटलीच असती. कशाला बोललीस बाई, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्याच वेळी तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मला पाणी पिण्याचं निमित्त करून उठावं लागलं.

मोरीच्या जागी रस्त्याची उंची कमी करून मी गणित पुन्हा चालवलं. रेघ सरळ पलीकडं गेली, काकांच्या वावरात. तिनं एकदा बघितलं आणि न खाल्लेला डबा पिशवीत घातला.

फोनवर सांगायचा तिला धीर होईना. पाहणीला गेलो तेव्हा तिच्या घरच्या ओसरीवर नकाशा पसरून मी सुरुवात केली, तर तिनंच मला थांबवलं. "अप्पा, मोरीचं मी सांगितलं. पानी काकाकडं जातंय."

वडील नकाशाकडं बघत राहिले. चेहरा पडला होता आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "म्हंजी आपली बाग हाय तशीच."

"व्हय, अप्पा."

चहा आला आणि निवून गेला. मला कधी एकदा जीपमध्ये जाऊन बसते असं झालं होतं.

"बंधाऱ्याला जागा त्याची लागंल," वडील शेवटी मला म्हणाले. "तुमी इचारलं तर तो नाय म्हनंल. शहरातल्या मान्सावर त्याचा बिलकुल भरवसा नाय." मग लेकीकडं न बघता म्हणाले, "जा, काकाला घेऊन ये. मी बोलावलंय म्हनावं."

बाहेर ऊन रणरणत होतं. ती चप्पल न घालताच पळाली.