टेमघरला पुसल्या गेलेल्या किनारी

कल्याणहून निघालेली आमची रिक्षा कोन गावापाशी जी अडकली ती अर्धा तास हलेना. पुढं कापडाच्या गठ्ठ्यांचे टेम्पो, मागंही तेच. मी मात्र खुशीत होतो. पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्याला भिवंडीहून खास बोलावणं येतं म्हणजे काय! मांडीवरच्या बॅगेत नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फ्लॉप्या होत्या, आणि पडलेले बारीक स्क्रू उचलायला जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक.

भिवंडीतल्या टेमघरला उतरलो तर कानांत नुसता यंत्रमागांचा खडखडाट. माझ्या मित्राची भावजय, सुनंदावहिनी, कारखान्याच्या दारातच उभ्या होत्या. केसांवर, भुवयांवर रुई (लूमांतून, म्हणजे यंत्रमागांतून, उडणारा कापसाचा भुगा). शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर त्यांनी ओढण्यांच्या सात नव्या किनारी काढल्या होत्या. कापडावर अजून एकही विणलेली नव्हती.

"उद्या व्यापारी येतोय, भाऊ. त्याला आवडल्या तर डिझाइनचं काम तूच बघ, असं मामंजी म्हणालेत. न्हायतर आपली चूल हायेच." मग जरा चाचरत त्या म्हणाल्या, "आधी कागदावर छापून ठेवू का?"

"अहो वहिनी, कागद कसला? मी काय हे पहिल्यांदा करतोय?"

किनारी दोन फ्लॉप्यांवर उतरवल्या, त्या बॅगेत टाकल्या आणि नवी सिस्टिम चढवायला हार्डडिस्क साफ पुसली. मग जेवण. तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी). चार भाकऱ्या हाणल्या.

जेवून आलो, सिस्टिमची पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह करकरला आणि पडद्यावर संदेश आला, वाचता येत नाही. दुसरी घातली, तेच. तिसरी, तेच. माझं डोकं सणकलं.

"रुई गेलीय आत! इथं कॉम्प्युटर ठेवतं का कुणी?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. सगळे लूम बंद करायला लावले. वहिनींनी स्वतः स्पिरिटच्या बोळ्यानं ड्राइव्ह पुसला. कारागीर हात बांधून बसले.

"साहब, चालू करें?" एकानं विचारलं.

"रुको!"

नाक्यावरच्या दुकानातून कोरी फ्लॉपी आणली. ती झटकन वाचली गेली. म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत होता. मी बॅगेत हात घातला, तर लोहचुंबक वर आला आणि त्याला पत्र्याच्या झडपांनी चिकटून फ्लॉप्या वर आल्या. वहिनींच्या दोन्हीही. चुंबकानं फ्लॉपीवरचं सारं पुसलं जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दोन घालून पाहिल्या. वाचता येत नाही.

वहिनी आत आल्या तेव्हा चुंबक माझ्या खिशात होता.

"वहिनी, तुमच्या किनारी गेल्या."

"कशानं वो?"

"रुईनं," मी म्हणालो. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं.

त्या स्टुलावर बसल्या. थोड्या वेळानं उठून सासऱ्यांना म्हणाल्या, "मामंजी, माझीच चूक हाय. कॉम्प्युटर घरात ठेव म्हणून तुम्ही सांगत होता."

"बस झाला आता तो कॉम्प्युटर," म्हातारा म्हणाला. माझ्याकडं पाहून त्यानं चहा सांगितला.

नाक्यावरच्या त्याच दुकानातून सिस्टिमच्या फ्लॉप्या नव्यानं करून आणल्या आणि संध्याकाळपर्यंत सिस्टिम चढवली. लूम पुन्हा सुरू झाले. निघताना वहिनी रस्त्यापर्यंत आल्या, हातात भाकऱ्यांचं पुडकं. "भाऊ, आमच्यापायी तुमचा दिवस वाया गेला. राग धरू नका."

"असू दे, वहिनी," मी म्हणालो.

कल्याणपर्यंत तीनदा वाटलं, उतरावं, परत जावं. उतरलो नाही. पुण्याला पोचल्यावर नुसता एक फोन केला असता, तरी व्यापारी यायच्या आत म्हाताऱ्याला कळलं असतं की सून चुकली नव्हती. तोही केला नाही. चूक कुणाचीही होते हो, तिची लाज वाटणं कधीचंच थांबलं. पण त्या बाईनं भररस्त्यात माझी माफी मागितली, आणि मी ती देऊन आलो.