कोर्ट उठेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाला संगमनेरच्या अलीकडे दुधाच्या टेम्पोने उडवलं. दहाव्याला प्रवरेच्या काठावर पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. ऊन चढलं, वडील हात जोडून थकले. टेम्पोचा ड्रायव्हर जामिनावर सुटून आला होता, लांब बाभळीखाली उभा. त्याला बघून माझं डोकं फिरलं. आईने मात्र त्याला हाक मारली.

"ये, तू बी हात जोड."

त्याने जोडले आणि कावळा उतरला. झालं! पोराने माफ केलं, असं गावाने ठरवून टाकलं. मेलेल्याचं मत कावळ्याला विचारणारी माणसं आम्ही.

तेव्हापासून तो दर पितृपक्षात आमच्याकडे यायचा. ओट्याच्या कडेला बसायचा, आई वाढायची, तो मान वर न करता जेवायचा.

खालच्या कोर्टाने त्याला सहा महिन्यांची कैद दिली. शिक्षा कमी करा म्हणून तो अपिलात गेला. त्याच्या वकिलाने आईकडून 'आमचा राग नाही' असं लिहून घेतलं. मी घर डोक्यावर घेतलं.

"त्यालाबी लेकरं हायेत," आई म्हणाली. "महिना-दोन महिने कमी झाले तर होऊ दे."

वरच्या कोर्टाने कैद काढूनच टाकली. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं. आईला काही कळेना. मी सांगितलं, आज दिवसभर बाकावर बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं.

"अन् तुरुंग?"

"नाही."

मी हट्टाने तिला घेऊन मागच्या बाकावर बसले. त्याला एका मिनिटाचीही सूट मिळू द्यायची नव्हती मला. पंखा फिरत होता, दुसऱ्यांच्या तारखा पडत होत्या. संध्याकाळी साहेब उठले, सगळे उठले, तोही उठला आणि गेला. मला रडू फुटलं, ते निव्वळ रागाचं होतं. आई बसूनच होती. शिपायाने सांगितलं तेव्हा उठली.

त्या वर्षी पितृपक्षात तो पुन्हा आला. आई कावळ्यासाठी पत्र्यावर पान ठेवून खाली उतरत होती. नेहमीच्या जागी तो टेकणार, तेवढ्यात तिने हात आडवा केला.

"तुजी शिक्षा झाली ना बाबा," ती म्हणाली. "आता येत जाऊ नको."