मढला येते

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.एस्सी., कॉम्प्युटर. हे मी कुणी न विचारता सांगते, कारण विचारणारं कुणी भेटत नाही. आजोबा मेंढरांमागं फिरले, वडिलांनी मेंढरं विकून कांदा लावला, आणि मला पुण्याच्या एका कंपनीनं गाडीमागं फिरायला ठेवलं. म्हणजे घराण्याचा धंदा फारसा बदलला नाही, असं माझी चुलती म्हणते.

गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी बस. जुन्नरपासून मढकडच्या गावांत तिची चाचणी चालू होती. तिला वेळापत्रक नव्हतं. फोन लावायचा, पलीकडून एक बाई बोलायची, तिला जायचं ठिकाण सांगायचं, की गाडी आपल्या स्टॉपवर हजर. मोठा फोन असणाऱ्यांसाठी अॅपही होतं, त्यात सगळे थांबे नावानिशी दिसायचे. बाई खरी नव्हती, यंत्र होतं; गाडीतही तेच ऐकायचं आणि बोलायचं. ड्रायव्हर खरा होता, पण त्याला कुणी काही विचारत नव्हतं. समोरच्या स्क्रीनवर बाण दिसायचा आणि तो बाणामागं जायचा.

"मला निस्तं ब्रेक दाबायला ठिवलाय," तो म्हणायचा. "उद्या ब्रेक बी हीच बाई दाबंल. मग माझा फोटू लावा गाडीत, हार घालून."

गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत 'सर्वसमावेशक' लिहिलेलं होतं. चाकाच्या खुर्चीसाठी दाराखालून एक उतरता पत्रा बाहेर यायचा. तो पुण्याच्या गुळगुळीत फुटपाथवर बेतलेला. आमच्या स्टॉपवर तो बरोब्बर गटारात टेकायचा. गटार तेवढं समाविष्ट झालं.

माझं काम लोकांना गाडी बोलवायला शिकवायचं, आणि या सगळ्यातून कोण बाहेर राहतंय ते शोधून ऑफिसला कळवायचं. शोधायला मला लांब जावं लागलं नाही. चुलती घरातच होती.

चुलतीची नजर काचबिंदूनं गेली. उजेड कळतो, माणूस कळत नाही. "डोळं व्हते तवा तरी माणूस कुठं कळला," असं वर तीच म्हणते. तिची थोरली बहीण मढला दिलेली, तिचे गुडघे गेलेले. एकीला दिसत नाही, दुसरीला चालवत नाही. भेटायचं तर चुलतीनंच जायचं, आणि चुलतीला एकटं कुणी सोडत नव्हतं. मुलगा मोटारसायकलवर न्यायचा, पण मावशीच्या दारात इंजिन चालूच ठेवायचा. नाहीतर सोबत सून जायची, मावशीच्या सुनेजवळ बसायची, आणि मग चार जणींत मिळून हवापाण्याच्या गप्पा.

"समोर सून बसल्याव सुनंबद्दल काय बोलायचं?" चुलती मला म्हणाली. "कांद्याला भाव न्हाई, शेंगा बऱ्या हायेत. एवढं तर मी टीव्हीला बी सांगीन. त्याच्यासाठी मढ कशाला पायजे?"

तिला एकटीनं मढला जायचं होतं. बहिणीजवळ बसून, पोटातलं सगळं, नाव घेऊन, पदर खोचून बोलायचं होतं. बाकी गाडी सर्वसमावेशक असो की बैलाची असो, तिला त्याचं काही नव्हतं.

मी तिच्या बटणांच्या फोनमध्ये नंबर लावून दिला, कंपनीकडं तिचं गाव नोंदवलं. एक बटण दाबून धरलं की झालं. पहिल्याच दिवशी तिनं दाबलं, आणि बाई गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार! आपल्याला कुठे जायचे आहे?"

चुलतीनं फोन बंद केला.

"निघता निघता 'कुठं' म्हनली, भवानी! तिला आयनं काय शिकीवलं का न्हाई?"

निघालेल्या माणसाला आमच्याकडं 'कुठं' विचारत नाहीत. काम फिसकटतं. फारच चौकशी असेल तर "लांब का?" म्हणायचं. आणि विचारलंच कुणी, तर घरात परत यायचं, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि मग निघायचं. चुलती उंबऱ्यावरून परत आली, पाणी प्याली, टेकली, आणि माझ्या फार गयावयानंतर पुन्हा बटण दाबलं. बाईनं पुन्हा 'कुठे' म्हटलं. चुलतीनं दातांवर दात ठेवून सांगितलं, "मढला येते."

आता आमच्यात कुणी 'जाते' म्हणत नाही. जाणं हे मेलेल्या माणसाचं काम. जिवंत माणूस 'येते' म्हणतो आणि चालायला लागतो. बाई मेलेली नाही आणि जिवंतही नाही, तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. चुलती मढला येते म्हणाली, म्हणजे ती मढला आहे आणि घरी यायला गाडीची वाट बघतेय, असं बाईनं धरलं. मढवरून इकडं यायचं भाडं तिनं आनंदानं नोंदवून घेतलं.

चुलती इस्त्रीचं लुगडं नेसून, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घेऊन स्टॉपवर उभी. जुन्नरकडून गाडी आली, ड्रायव्हरनं तिला बघून थांबवलीही. पण दार उघडेना.

"उघड की रं!"

"दार माझ्या हातात न्हाई, काकी. स्क्रीनवर तुमी मढला उभ्या हायेत."

"मी मढला? मग ही हितं कोन उभी हाय?"

"ते मी बी बघतोय, पर तिला कसं दाखवू?"

मागून कांद्याचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. ड्रायव्हर हात जोडून बाणामागं गेला. मढला गाडी रिकामी उभी राहिली, रिकामी परत आली. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. मग बाईनं चुलतीचा नंबरच बंद करून टाकला. कारण दिलं की हा प्रवासी गाडी बोलावतो आणि येत नाही.

"मीच न्हाई आले? आं? मैलाच्या दगडावानी उभी व्हते मी!" चुलतीनं फोन माझ्या मांडीत टाकला. "ऱ्हाऊ दे तुजी गाडी. पोराच्या फटफटीव जाते मरायला."

ती रागात 'जाते' म्हणाली होती. सुनेनं पाण्याचा तांब्या आणून तिच्या पुढं धरला.

मी ऑफिसच्या सरांना फोन लावला. सर चांगला माणूस, पुण्यातच वाढलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोपं आहे ना. त्यांना 'जाते' म्हणायला शिकव. छोटंसं ट्रेनिंग घे."

मी पगारी माणूस. चुलतीला जाऊन सांगितलं, काकी, फोनवर 'जाते' म्हण.

"का गं? तुला घाई झालीय का? का सुनंनं सांगून धाडलं तुला?"

ट्रेनिंग तिथंच संपलं. मी पुन्हा सरांना फोन केला. म्हटलं, सर, अख्ख्या तालुक्यात बाया 'येते' म्हणूनच निघतात. तुम्ही तालुक्याला ट्रेनिंग देणार, की एका यंत्राला?

"अगं, भाषेच्या टीमनं तपासलंय. येणे म्हणजे येणे, जाणे म्हणजे जाणे. त्यात गोंधळ कसला? बरं, मला आता मीटिंग आहे. चल, येतो मी."

"या, सर."

"काय?"

"येताय ना? चहा टाकते. का पुण्याला गाडी धाडू?"

 मग सर जे हसले ते मीटिंगला उशीर होईपर्यंत हसले. "आईशप्पथ," म्हणाले, "मी घरून निघतानाही रोज हेच म्हणतो."

त्यानंतर बरंच सुधारलं. बाई आधी विचारू लागली, "आपण आत्ता कोणत्या गावात आहात?" आणि 'कुठे' जाऊन 'कोणत्या गावाला' आलं. "लांब निघालात का?" असं विचारावं, हा माझा आग्रह मात्र टिकला नाही, सर म्हणाले, यंत्राला एवढा आदबशीरपणा परवडत नाही. दाराचं बटण ड्रायव्हरला दिलं. त्या दिवशी तो गाडी उभी करून उगाचच दार उघडत-मिटत बसला होता. चुलतीचा नंबर सुरू झाला. पत्र्यासाठी पंचायतीनं गटारावर फरशी टाकली. फरशी हलते, पण आहे.

चुलतीनं बटण दाबलं, आपलं गाव सांगितलं, मढला येते म्हणाली. गाडी आली, दार उघडलं. मी हात धरायला पुढं झाले.

"तू कशापायी?"

"मढपर्यंत सोडते की, काकी."

"काय नको. तू बी उद्या कुनाची तरी सून व्हशील. तुमची समद्यांची आतून एकी असती."

तिनं दांडा चाचपला, पायरी चढली, पहिल्याच सीटवर बसली, आणि गाडी गेली. मी हलत्या फरशीवर उभी. तिचा मुलगा मोटारसायकल काढून मागं निघाला होता, त्याची चावी मी काढून घेतली.

संध्याकाळी ती गाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा दिवाळीत न्हाल्यासारखा होता. मी म्हटलं, झाली का भेट?

"झाली की. पर बहिनीला मधी मधी बोलायची लई खोड. गाडीतली बाई त्यापरीस बरी."

"गाडीतली बाई?"

"तर. जाताना मी आपली मनाशीच तयारी करीत व्हते, आधी काय सांगायचं, मागनं काय. तर ती म्हनली, मला समजले नाही, पुन्हा सांगा. मग सांगितलं. सुनंची सुपारी फुटली तवापासनं."

ड्रायव्हरकडं बघितलं, तर तो बाणाकडं एकटक बघत होता.

दुसऱ्या दिवशी सरांचा मेसेज आला. कालच्या फेरीत एका प्रवाशानं एकाच ठिकाणाचं नाव परत परत घेतलं होतं, आणि ते नकाशावर सापडत नव्हतं. भाषेच्या टीमला तिथं नवा थांबा टाकायचा होता. 'टवळी' हे गाव जुन्नर तालुक्यात येतं की आंबेगावात?

मी उत्तर लिहिलं: टवळी हे गाव नाही. नोंद ताबडतोब पुसा, आणि गाडीत बोललेलं यापुढं ऑफिसात येणार नाही अशी सोय करा. जिच्याबद्दल आहे ती तुमचं अॅप वापरते.