लाल खुंट्यांमधलं शेत

नव्या जलद लाइनची बातमी डोंबिवलीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात आली, तेव्हा गाडीचा पत्ता नव्हता; जमिनीचे भाव मात्र धावत सुटले. ठाण्याचे दलाल रोज पारावर हजर. आधी आमच्याकडची भांडणं शिव्यांवर भागायची, आता कोयते निघायला लागले.

आजोबा गेल्यावर वडील आणि धाकट्या काकांनी तोंडी अदलाबदल केली होती. वडिलांना मासेमारीचा नाद, म्हणून त्यांनी काकांचं खाजण, म्हणजे खाडीच्या पाण्यावरचं मासळीचं तळं, घेतलं आणि शेजारचं आपलं भातशेत काकांना दिलं. गावदेवीपुढे नारळ फोडला, झालं. सख्ख्या भावाकडे कागद मागणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणंच. सातबाऱ्यावर जुनीच नावं राहिली.

लाइनच्या लाल खुंट्या नेमक्या त्या भातशेतात ठोकल्या गेल्या आणि मोबदल्याची नोटीस वडिलांच्या नावे आली. मी तेव्हा नौपाड्यात कारकून, घरातला एकटा शिकलेला. मीच म्हणालो, "कागद आपला आहे, गप्प बसा." ते गप्प बसले. मला आजही याची लाज वाटते.

दुसऱ्या सकाळी काका कोयता घेऊन खाजणावर आले. "कागदावर चालायचा ना? मंग खाजन माजा!" असं ओरडत त्यांनी बांधातलं पाणी अडवायचं लाकडी दार घाव घालून फोडलं. ओहोटी होती. वडिलांनी वाढवलेली मासळी डोळ्यांदेखत खाडीत चालली. मी शेतातली एक खुंटी उपटली आणि काकांच्या हातावर हाणली. हाड मोडलेलं ऐकू आलं. तरी मी आणखी दोनदा मारलं. मग वडिलांनी मला चिखलात पाडून तुडवलं. "माज्या भावाला मारतंस?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

कल्याणच्या इस्पितळात पोलिसाने काकांना विचारलं, कोणी मारलं? मी दाराकडे सरकलो. नोकरी जाणार, एवढंच माझ्या नीच डोक्यात.

"बांधावरना परलो," काका म्हणाले.

पोलीस गेल्यावर वडील रडत त्यांचा चांगला हात धरायला गेले. काकांनी तो झटकला.

"पोलिसाला सांगला नाय, म्हनून माफ केला असा समजू नको, दादूस. तू एकदा घरी येऊन मागला असतास, त अर्दा पैसा मीच दिला असता."