टोपण ज्याच्या हातात

चार माणसं रोज एकाच बाकड्यावर बसली की किस्से आपोआप साचतात. त्यासाठी कुणाला वेगळे कष्ट करावे लागत नाहीत! आमचं बाकडं डहाणू रोड स्टेशनबाहेरच्या इराण्याच्या हॉटेलातलं. तिथे बसणारे आम्ही चौघे: शाळेतले राऊत मास्तर, पार्सल ऑफिसातला दामले, चिकूची वाडी असलेला बेहरामशेठ आणि कचेरीत कारकुनी करणारा मी.

चौघांना खूळ एकच, जुनी फाउंटन पेनं जमवायची. बॉलपेन तेव्हा नुकतंच दिसायला लागलं होतं आणि लोक जुनी पेनं अडगळीत टाकत होते. आम्ही ती शोधत फिरायचो. आमची ख्याती अशी पसरली, की कासाच्या बाजारात एकाने मला पेनाबरोबर फुटका कंदीलही देऊ केला!

आमच्या बाकड्याचा कायदाही एकच. कुणी लिहायला पेन मागितलं तर टोपण आपल्या हातात ठेवायचं. बिनटोपणाचं पेन खिशाला लावता येत नाही, म्हणून माणूस ते निमूट परत करतो. टोपणासकट दिलं, तर मात्र ते कायमचं दिलं. पुन्हा मागायचं नाही.

---

हा कायदा सर्वांत काटेकोर पाळायचा तो दामले.

एकदा पार्सलच्या खिडकीवर एका गृहस्थाने फॉर्म भरायला पेन मागितलं. दामलेने टोपण काढून घेतलं आणि पेन दिलं. गृहस्थाने फॉर्म भरला, तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली आणि तो पेन हातात घेऊनच पळाला.

दामले टोपण उंच धरून प्लॅटफॉर्मभर धावला. "अहो, टोपण! टोपण राहिलं!"

त्या सज्जन माणसाने डब्याच्या दारातून हात पुढे केला, टोपण घेतलं आणि "थँक्यू" म्हणाला!

गाडी सुरतेकडे गेली. दामले परत येऊन बाकड्यावर बसला. "पोलिसात कळवू या का?" मी विचारलं.

"कसं कळवणार? टोपण मीच दिलं ना!"

---

याच दामलेने चिंचणीहून एक काळं पेन आणलं होतं. आत शाईचा दगड झाला होता. तो सुटावा म्हणून पठ्ठ्याने पेन उकळत्या पाण्यात टाकून ठेवलं. बाहेर काढलं तर ते शेवाळी झालेलं. जुन्या काळ्या पेनांना गरम पाणी चालत नाही, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आठवड्याने दामले ते फडक्यात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, "असा रंग पाहिलाय कुठे?"

खरंच पाहिला नव्हता. मी त्याबदल्यात माझी दोन चांगली पेनं दिली. ती घेऊन झाल्यावर दामले म्हणाला, "एक सांगतो, याला गरम पाण्यापासून जप!"

---

राऊत मास्तरांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या खिशात कायम गळकं पेन आणि खिशाखाली कायम निळा डाग. वहिनी म्हणायच्या, "लोकांच्या बायका कपड्यांना नीळ देतात, मी आपली काढत बसते!"

सदऱ्याचं त्यांना काही वाटत नसे, पण पेनावर बोटाचा ठसा उमटलेला खपत नसे. त्यासाठी त्यांच्याजवळ मऊ चिंधी असे. कुणी पेन हातात घेऊन परत दिलं की मास्तर त्याच्यादेखत ते पुसायचे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सही करून पेन परत केलं. मास्तरांनी साहेबांसमोरच चिंधी काढली! त्यानंतर त्यांना तलासरीला पाठवलं. मास्तर म्हणाले, "ठीक आहे. तिकडे धूळ जास्त, एवढंच!"

---

मास्तरांना भेटायला आम्ही एकदा तलासरीच्या बाजाराच्या दिवशी गेलो. तिथे एका शेतकऱ्याच्या खिशाला सुरेख हिरवं पेन दिसलं. मी हात जोडले आणि पेन बघायला मागितलं. आत शाईचा थेंब नव्हता, निबही नव्हती.

"दादा, यानं लिहीत नाही तुम्ही?"

"मना लिवता कुठं येतं?"

"मग विकता का?"

तो हसला. "नाय रं बाबा! पेन हाय म्हणून यष्टीत कंडक्टर 'अहो' म्हणतो. इकलं तं उद्यापासून 'अरे' होईन."

मी टोपण नीट बसवून पेन परत दिलं.

---

आता बेहरामशेठ. त्याने जमवलेली पेनं मोजकीच, पण त्यातलं एक आम्हा सगळ्यांच्या संग्रहावर भारी. त्याच्या वडिलांचं, काळ्या दांडीचं आणि चांदीच्या टोपणाचं. राऊत मास्तरांचा जीव त्या पेनात अडकला होता. तलासरीहून बदली होऊन परत आल्यावरही रोज संध्याकाळी ते एक ओळ लिहायला मागायचे.

"लिव मास्तर, लिव! पन टोपन मारी पासे रेहशे!" असं म्हणून बेहरामशेठ टोपण मुठीत धरायचा.

मास्तरांनी आपला सगळा संग्रह त्याबदल्यात देऊ केला होता. बेहरामशेठ म्हणाला, "बावाजीचा हात हाय त्या निबमधी. हात कोन विकते?"

मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही. रोजची एक ओळ मात्र सोडली नाही.

पुढे बेहरामशेठचा हात थरथरायला लागला. चहा बशीत कमी आणि टेबलावर जास्त पडायचा. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो.

वाडी मुलाच्या नावावर करायला तो कचेरीत आला. ओळख पटवायला राऊत मास्तर सोबत होते. बेहरामशेठने ऐटीत पेन काढलं आणि सही केली. आमच्या साहेबांनी दप्तरातली जुनी सही काढून शेजारी धरली. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत असं कुणी म्हटलं नसतं.

"शेठ, अंगठा द्यावा लागेल," साहेब म्हणाले.

"आमच्या घरामधी अंगठो कोनी दिला नाय, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. स्टॅम्पपॅड पुढे करायचं काम माझं होतं. मला फार वाईट वाटलं, पण मी ते पुढे केलं. बेहरामशेठने डावा अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. पुसायला मी कागद दिला, त्याचं लक्ष नव्हतं.

आता साक्षीदाराची सही. मास्तर आपलं गळकं पेन काढत होते, तोच बेहरामशेठने टोपण काढून आपलं पेन त्यांच्यापुढे धरलं. टोपण नेहमीसारखं डाव्या मुठीत. मास्तरांनी सही केली आणि पेन परत दिलं.

बेहरामशेठने त्यावर टोपण फिरवून बसवलं. त्याला वेळ लागला. मग त्याने ते पेन मास्तरांच्या खिशाला लावलं.

"चाल मास्तर, चाय पियें."

संध्याकाळी बाकड्यावर नेहमीसारखे चौघे होतो. मास्तरांनी पेन काढलं. चांदीच्या टोपणावर अंगठ्याचा काळा ठसा स्वच्छ उमटला होता. मास्तरांनी चिंधी काढून निब पुसली, मग दांडी पुसली.

"मास्तर, टोपण राहिलं!" दामले म्हणाला.

"असू दे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चिंधी खिशात ठेवली.