साहेबांना खोटं लागेल

माझ्या हृदयाला ताल नाही. मध्येच धावतं, मध्येच अडखळतं. असं झालं की आत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा, म्हणून हार्टच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. पुढे हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले. तपासणीत प्लेटलेट्स फार कमी निघाल्या. रक्ताचे डॉक्टर गोळी पाहून डाफरले, "आ बंध करो, बेन!" एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. आणि बाटली मी.

बडोद्यात, गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत डाग बघून बायकांची कुजबुज सुरू झाली, की नवरा मारतो. आमचे हे! ज्यांनी आयुष्यात कधी भाजीवाल्याला भाव विचारताना आवाज चढवला नाही, ते!

खरा घोळ ह्यांच्या सभ्यतेनेच घातला. ह्यांच्या घरात तीन पिढ्या संस्थानच्या कारभारात. एका साहेबापुढे दुसऱ्या साहेबाचं नाव काढायचं नाही, हे बाळकडू. संस्थान गेलं, कचेऱ्या गेल्या, बाळकडू तेवढं राहिलं. हार्टवाल्यांकडे जाताना रक्ताची फाइल स्कूटरच्या डिकीत, आणि रक्तवाल्यांकडे जाताना हार्टची. "त्यांना खोटं लागेल गं," हे म्हणायचे. आम्ही बडोद्याचे मराठी, 'वाईट वाटेल' असं म्हणतच नाही. गुजरातीतलं खोटं लागणं आमच्या हाडीमासी खिळलंय.

रक्तवाल्यांना हे सांगत, "जरा धडधड होते, एवढंच." हार्टवाल्यांना सांगत, "हिरड्या नाजूक आहेत तिच्या." मग एक म्हणे गोळी घ्या, दुसरे म्हणे घेऊ नका. मी कधी घेई, कधी सोडी. डॉक्टरांनी तरी कुठे विचारलं? काचेची दारं, गार हवेची मशीनं, टोकन नंबर, सगळं नवं आलं होतं गावात. पण बाई, आणखी कुणाचं औषध चालू आहे का, हा फुकटातला प्रश्न एकालाही सुचला नाही. डोळे कागदावर, घंटी वाजली, की पुढचा पेशंट. मला संताप यायचा, पण बाहेर आल्यावर. आत मीही पदर सावरून गप्प.

गोळी बंद असतानाच्या एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. मला ह्यांना विचारायचं होतं, वरण वाढू का? तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. हे हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी पुन्हा म्हणायला गेले. शब्द डोक्यात लख्ख होते, पण जीभ पिठात रुतल्यासारखी. मग ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उष्ट्या हाताने उठले.

स्कूटर हॉस्पिटलपाशी पोचेपर्यंत वाचा परत आली. नशीब, म्हणाले हार्टवाले. या वेळी गुठळी आपसूक सुटली, पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. मग ह्यांच्याकडे वळून, "गोळी कोना कहेवाथी बंध करी?" कुणाच्या सांगण्यावरून, म्हणे.

हे खाली बघत राहिले. मी म्हटलं, "डिकीतली फाइल आणा."

"अगं, साहेबांना..."

"आणा म्हणते ना!"

फाइल टेबलावर आपटली. म्हटलं, "ह्या डॉक्टरांना फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर. काय ते एकदाच ठरवा."

त्यांनी नाव वाचलं आणि चेहरा खुलला. "अरे, आ तो मारी साथे भणतो हतो!" फोन लागला. आधी हसणं-खिदळणं झालं, मग माझा नंबर. चहा निवायच्या आत ठरलं: आधी औषधाने प्लेटलेट्स वाढवायच्या, मग गोळी कमी मात्रेत, वरचेवर रक्त तपासायचं, आणि प्लेटलेट्स घसरल्या तर दोघांनी मिळून ठरवायचं. इतकं सोपं होतं! एवढ्यासाठी माझी वाचा पणाला लागली होती! दोघं एका बाकावर शिकलेले, आणि त्यांच्यामध्ये निरोप्यासारखी हिंडत होते मी, तेही बंद तोंडाने.

घरी परतताना स्कूटर चालवता चालवता हे म्हणाले, "जरा मोठ्याने बोललीस. साहेबांना खोटं लागलं असेल."

"लागू दे," म्हटलं. "बोलता येतंय तोवर बोलणार."

संध्याकाळी पानं घेतली. मी पातेलं उचललं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "वरण वाढू का?"

"वाढ," म्हणाले, आणि पुढे त्यांनाच बोलता येईना.