साफ कधी केलं होतंस?

अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला आमच्या शेजारी राहणारे काका रिटायर्ड इंजिनिअर आहेत. कॉफी मशीन असो की गवत कापायचं यंत्र, कसलीही तक्रार केली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साफ कधी केलं होतंस?"

एका शनिवारी सकाळी मी त्यांना म्हटलं, "काका, हल्ली फोनवर आईचा आवाज फार खोल गेल्यासारखा वाटतो. विचारलं तर बरी आहे म्हणते. पुण्याचं तिकीट बघतोय."

काकांनी हात पुढे केला. "तुझे इअरफोन दे."

त्यांनी इअरफोनच्या टोकांवरचे काळे पडलेले फोम काढून टाकले आणि आतल्या जाळीवरचा मळ मऊ ब्रशनं हलकेच झाडला. नवे फोम बसवले, वात वळावी तसे बोटांत वळले. "लगेच कानात घाल, फुगू दे. आता लाव फोन."

"इतक्या सकाळी कसा उठलास रे?" आईचा आवाज एवढा खणखणीत आला की मी दचकलो.

फोन ठेवून मी हसत म्हणालो, "मग तिकीट राहू दे."

"का? ठणठणीत आहे तेव्हाच जावं. गप्पा होतात."

मी तिकीट काढलं. आईला कळवलं, तर तिनं आधी विचारलं, "नोकरी गेली का?"